फ्लोरिंडा बोल्कान – चेहरा तिचा, आवाज दुसरीचा, मग अभिनय कुणाचा?

पावसाळी_चष्मा

सध्या सत्तरच्या दशकातले इटालियन सिनेमे लागोपाठ बघतोय आणि एकच बाई सारखी समोर येतेय. एलिओ पेत्रीच्या ‘इन्व्हेस्टिगेशन ऑफ अ सिटिझन अबव्ह सस्पिशन’ (१९७०) मध्ये सुरुवातीलाच जिचा खून होतो ती, लुचिओ फुल्चीच्या दोन सिनेमांत ती, आणि डी सिकाच्या ‘अ ब्रीफ व्हेकेशन’ (१९७३) मध्ये तर अख्खा सिनेमा तिच्या एकटीच्या खांद्यावर. उंच, गालाची हाडं वर आलेली, मोठे डोळे, आणि त्या डोळ्यांत कायम काहीतरी राखून ठेवलेलं. नाव फ्लोरिंडा बोल्कान.

बघणाऱ्याला ती पक्की इटालियन वाटते, पण जन्म १९४१ चा, ईशान्य ब्राझीलमधल्या सेआरा राज्यातल्या उरुबुरेतामा गावचा. मूळ आडनाव बुल्कांव. आधी वारिग या ब्राझिलियन विमान कंपनीत एअर होस्टेस, मग युरोप, तिथं दिग्दर्शक लुकिनो विस्कोंतीच्या नजरेत भरली, त्यानं स्क्रीन टेस्ट द्यायला लावली आणि १९६८ पासून कामं सुरू. पाच वर्षांत इटलीचा दाविद दी दोनातेल्लो पुरस्कार सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून दोनदा, १९७१ ला ‘आनोनिमो वेनेत्सियानो’साठी आणि १९७३ ला ‘कारी जेनितोरी’साठी. आणि १९७५ मध्ये लॉस एंजेलिसच्या समीक्षकांच्या संघटनेनं पहिल्यांदाच पुरस्कार दिले, तेव्हा सर्वोत्कृष्ट अभिनेत्री हीच, डी सिकाच्या सिनेमासाठी.

आता माझा प्रश्न. यातल्या बऱ्याच इटालियन सिनेमांत तिचा स्वतःचा आवाज नाहीये. दुसऱ्या कुठल्यातरी इटालियन डबिंग कलावतीचा आहे. मग आपण ज्याला भारावून ‘काय अभिनय केलाय’ म्हणतो त्यातला तिचा वाटा किती? आणि सोफिया लॉरेन, मोनिका व्हित्ती, क्लाउडिया कार्दिनाले यांच्या रांगेत हिचं नाव कुणी घेत नाही त्याला हेच कारण असेल का? तुमची मतं हवीत, सिनेमे बघितले असतील तर उत्तमच.

तिकीटखिडकी

वा! या बाईवर मराठीत धागा निघेल असं वाटलं नव्हतं. मी पहिला.

रच्याकने, तिचा अगदी सुरुवातीचा सिनेमा ‘कँडी’ (१९६८). त्यात बीटल्सचा रिंगो स्टार मेक्सिकन माळी झालाय आणि ही त्याची बहीण. लिव्हरपूलच्या माणसाची सेआरातली बहीण, दोघं मिळून मेक्सिकन :)

चहा_कमी_साखर

माझं मत स्पष्ट आहे. आवाज नसेल तर निम्मा अभिनय गेला. आपल्याकडे नाटक बघत वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये. शब्दफेक, पॉझ, श्वास, कुठं आवाज चढवायचा आणि कुठं नुसता सोडून द्यायचा, हे सगळं नटाचं काम. ते दुसऱ्यानं केलं तर पुरस्कारही दोघींना द्यायला हवा. फ्लोरिंडा दिसायला जबरदस्त आहे, पडदा व्यापते, पण मी तिला ‘चेहरा’ म्हणेन. अभिनेत्री म्हणायला जरा थांबेन.

कासव

+१. पुरस्कार दोघींना ही कल्पना आवडली.

रीळ_नंबर_चार

चहा_कमी_साखर, हा नियम लावला तर त्या काळचा अर्धा इटालियन सिनेमा बाद करावा लागेल. तिकडे तेव्हा सेटवरचा आवाज धरायचेच नाहीत फारसा. शूटिंग चालू असताना कॅमेऱ्याची घरघर, दिग्दर्शक मधेच ओरडून सूचना देतोय, शेजारी सुतार ठोकतोय, सगळं चालायचं, कारण आवाज नंतर स्टुडिओत चढवायचा. कार्दिनालेचंच बघा. जन्म ट्युनिसचा, इटालियन नीट यायचं नाही, सुरुवातीच्या सिनेमांत दुसऱ्यांचे आवाज. १९६३ च्या फेलिनीच्या ‘८½’ मध्ये लोकांनी पहिल्यांदा तिचा खरा आवाज ऐकला. म्हणून त्याआधीच्या कामातली कार्दिनाले कुणी खोडून टाकली का?

आणि एकट्या फ्लोरिंडाची ही गोष्ट नाही, तिच्या आधी गेलेल्या ब्राझिलियन नटीचंही तेच झालं. नॉर्मा बेन्जेल. १९६२ मध्ये तिचे ब्राझीलमध्ये दोन गाजलेले सिनेमे आले. एक रुय गेराचा ‘उस काफाजेस्तेस’, ज्यातल्या नग्न दृश्यावरून ब्राझीलमध्ये केवढा गदारोळ झाला, आणि दुसरा ‘ओ पागादोर जी प्रोमेसास’, ज्याला कान महोत्सवात पाम द’ओर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. लगेच इटलीचं बोलावणं. लातुआदाच्या ‘माफिओसो’मध्ये ती अल्बेर्तो सोर्दीची बायको झाली, नवऱ्याबरोबर पहिल्यांदा सिसिलीच्या सासरी जाणारी उत्तरेकडची गोरी सून. रिओची मुलगी! मग मारिओ बाव्हाचा ‘प्लॅनेट ऑफ द व्हॅम्पायर्स’ (१९६५). त्याच्या सेटवर अमेरिकन नट इंग्रजीत बोलायचा, नॉर्मा पोर्तुगीजमध्ये, एक जण स्पॅनिशमध्ये, एक जण इटालियनमध्ये. एकमेकांचं न कळता एकमेकांना उत्तरं द्यायची. या परिस्थितीत समोरच्याच्या डोळ्यात बघून प्रतिक्रिया देणं हा अभिनय नाही तर काय आहे?

उगीच_काहीतरी

चार भाषा आणि कुणाचं कुणाला कळत नाही, म्हणजे आमच्या सोसायटीची मीटिंग.

नाटकवाली

मी डबिंग करते म्हणून लिहिते. मुंबईत, मालिका आणि कार्टून जास्त, अधूनमधून सिनेमे.

चहा_कमी_साखर यांच्या म्हणण्यातला एक भाग मला पूर्ण मान्य आहे. आवाज देणाऱ्या बाईचं नाव आलं पाहिजे, मोठ्या अक्षरात आलं पाहिजे. आम्हाला कुणी ओळखत नाही आणि ते बरोबर नाही. पण आवाज चढवला म्हणजे अर्धा अभिनय आम्ही केला, हे मात्र खरं नाही. आम्ही डबिंगला बसतो तेव्हा समोर पडद्यावर बाई असते. तिची मान कधी वळली, श्वास कधी घेतला, ओठ मिटून किती वेळ थांबली, हे सगळं तिनं आधीच ठरवून टाकलेलं असतं. आम्ही तिच्या श्वासावर श्वास ठेवतो. नटी कच्ची असेल तर आवाज कितीही चांगला असो, चिकटवल्यासारखा वाटतो, आणि नटी पक्की असेल तर आमचं काम निम्मं होतं, कारण काय वाटतंय ते तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलंच असतं.

आपल्याकडचं उदाहरण, श्रीदेवी. सुरुवातीच्या हिंदी सिनेमांत तिचा आवाज दुसऱ्यांचा. ‘आखरी रास्ता’ (१९८६) मध्ये तर चक्क रेखाचा. ‘चांदनी’पासून तिचा स्वतःचा. कुणी म्हणतं का की ‘चांदनी’आधी श्रीदेवी अभिनेत्री नव्हती?

चहा_कमी_साखर

नाटकवाली, श्रीदेवीचं उदाहरण चांगलं आहे पण तिचे तमिळ, तेलुगू सिनेमे होते, तिथं तिनं स्वतःला आधीच सिद्ध केलं होतं. फ्लोरिंडाच्या मागे असं काय होतं? एअर होस्टेस, ओळखीपाळखी, आणि थेट विस्कोंतीच्या ‘द डॅम्ड’मध्ये भूमिका. शिवाय तिची जोडीदार मरीना चिकोन्या, निर्माती, काउंटेस, जिच्या आजोबांनी व्हेनिस फेस्टिव्हल सुरू केला. युरो इंटरनॅशनलसारखी मोठी सिनेमा कंपनी घरातच. ‘इन्व्हेस्टिगेशन’ त्यांचाच. दारं आपोआप उघडली असणार, हे म्हणण्यात काय चूक?

ओसरी

हे वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं.

सोफिया लॉरेनचा नवरा कोण? कार्लो पोंती, निर्माता. सिल्वाना मांगानोचा नवरा? दिनो दे लॉरेन्तिस, निर्माता. त्या दोघींबद्दल लिहिताना कुणी ‘दारं आपोआप उघडली’ म्हणत नाही, म्हणतात पोंतीची दृष्टी किती मोठी. निर्माती बाई असली आणि जोडीदारही बाई असली की मात्र लगेच वशिल्याची गोष्ट होते. चिकोन्यानं ‘बेल द जूर’ इटलीत आणला, पेत्रीच्या सिनेमामागे उभी राहिली, त्या सिनेमाला कानचं ज्युरी पारितोषिक आणि परदेशी सिनेमाचं ऑस्कर मिळालं. एवढी पारख असलेली बाई आपल्या सिनेमांत एखादीला केवळ प्रेमापोटी घेत राहील, हे मला पटत नाही. आणि दोघी वीसेक वर्षं एकत्र राहिल्या, साठ-सत्तरच्या इटलीत, कॅथलिक देशात, गाजावाजा न करता आणि लपवाछपवीही न करता. याबद्दल मला दोघींचा फार आदर वाटतो. चिकोन्या २०२३ मध्ये गेली.

दुसरं, लॉस एंजेलिसच्या समीक्षकांना चिकोन्याशी काय देणंघेणं? त्यांनी पडद्यावर जे दिसलं त्याला मत दिलं.

तिकीटखिडकी

ओसरीताई, _/\_

मिलानकर

बऱ्याच दिवसांनी इथं लिहितोय. नोकरीनिमित्त इकडं मिलानमध्ये असतो आणि ‘उना ब्रेवे वाकान्झा’, म्हणजे तुमचा ‘अ ब्रीफ व्हेकेशन’, इथल्याच शहरातला असल्यामुळे जवळचा आहे.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी, क्लारा ही कालाब्रियातून, म्हणजे इटलीच्या अगदी दक्षिण टोकाकडून, मिलानला आलेली कामगार बाई. नवरा अपघातात जखमी होऊन घरी बसलेला, मुलं, सासू, दीर, सगळ्यांचं पोट हिच्या फॅक्टरीतल्या पगारावर. पहाटे उठून सगळ्यांचं करायचं, मग कामाला जायचं. कामगार विम्याच्या दवाखान्यात तपासणीत क्षय निघतो आणि तिला सरकारी खर्चानं आल्प्समधल्या सोन्दालोच्या सॅनिटोरियममध्ये पाठवतात. घरचे चिडतात, कारण पगार थांबणार. आणि या बाईला आजारपणामुळे आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची खोली, स्वच्छ चादर, कुणीतरी आणून दिलेलं जेवण आणि वाचायला वेळ मिळतो. पटकथा झावात्तिनीची. डी सिका आणि तो, ‘बायसिकल थीव्ज’वाली जोडी, पंचवीस वर्षांनंतर.

पन्नास-साठच्या दशकात दक्षिणेकडून लाखो माणसं मिलान-तोरिनोच्या कारखान्यांत आली. तोरिनोत तर ‘दक्षिणेच्या लोकांना घर भाड्यानं मिळणार नाही’ अशा पाट्या असायच्या. फ्लोरिंडा ही त्या शहरात परकी असलेली बाई अशी काही उभी करते की बस. ट्राममध्ये, रांगेत, डॉक्टरांसमोर, ती कायम थोडी आक्रसून उभी असते, कोपर अंगाशी धरून, कुणाची जागा अडवतोय की काय अशी. आणि सॅनिटोरियममध्ये हळूहळू तेच कोपर सैल होतात. पाठ सरळ होते. ती उंच आहे हे आपल्याला सिनेमाच्या मध्यावर कळतं! याला कुणाचा आवाज लागतो?

दवबिंदू

मिलानकर, काय लिहिलंय तुम्ही. आजच शोधते.

कासव

गिरणगाव आठवलं वाचताना. कोकणातून आलेली माणसं, एका खोलीत दहा जण, आणि बाईनं आजारी पडायचंच नाही.

मांडवीकाठ

गोव्याहून. आमच्या घरी आजीच्या पिढीला पोर्तुगीज चांगलं यायचं, मला ऐकून ऐकून बऱ्यापैकी कळतं. फ्लोरिंडाच्या इटालियन मुलाखती ऐकल्या की तिच्या बोलण्यातला ब्राझीलचा हेल लगेच जाणवतो, स्वर लांबवायची सवय आहे तिकडची. त्यामुळे कालाब्रियाच्या कामगार बाईला तो आवाज चालला नसता हे दिग्दर्शकाचं गणित मी समजू शकतो. पण चहा_कमी_साखर म्हणतात तसं ती ‘चेहरा’ वगैरे नाही. जी बाई मनात एका भाषेत विचार करते आणि ओठ दुसऱ्या भाषेत हलवते तिच्या चेहऱ्यावर एक सूक्ष्म सावधपणा येतो, आणि मला वाटतं डी सिकानं, पेत्रीनं तोच वापरला. क्लारा सावध आहे कारण ती गरीब आहे. आपल्याला वाटतं हे पात्राचं आहे.

तिनं साकारलेल्या बायका बघा ना, लंडनची श्रीमंत गृहिणी, दक्षिण इटलीतली चेटकीण, ‘द लास्ट व्हॅली’मध्ये तीस वर्षांच्या युद्धातली खेड्यातली बाई, ‘रॉयल फ्लॅश’मध्ये नर्तकी लोला माँतेझ, युगोस्लाव्ह दिग्दर्शक बुलायिचच्या सिनेमात सारायेव्होत मारली गेलेली ऑस्ट्रियाच्या युवराजाची पत्नी सोफी. युरोपातला जवळजवळ प्रत्येक देश तिनं अंगावर घेतला. ब्राझिलियन बाई म्हणून मात्र क्वचितच.

चहा_कमी_साखर

सावधपणाचा मुद्दा चांगला आहे, मांडवीकाठ. पण मग तो अभिनय की योगायोग? दिग्दर्शकानं तिच्या परकेपणाचा उपयोग करून घेतला, असं तुम्हीच म्हणताय.

नाटकवाली

सगळे चांगले दिग्दर्शक नटाकडे जे आहे त्याचाच उपयोग करतात. स्मिता पाटीलच्या डोळ्यांचा, रंगाचा उपयोग केलाच की सगळ्यांनी. म्हणून स्मिताचं काम योगायोग?

कासव

स्मिताचं नाव निघालंच आहे तर, ‘अ ब्रीफ व्हेकेशन’ बघताना मला सारखा ‘उंबरठा’ (१९८२) आठवत होता. तिथंही घराबाहेर पडून स्वतःचं काहीतरी सापडलेली बाई. फरक शेवटाचा. पुढे शेवट सांगतोय, न बघितलेल्यांनी वगळा. सुलभा परत येते आणि पुन्हा बाहेर पडते. क्लारा बरी झाली म्हणून तिची सुट्टी संपते आणि ती परत मिलानला, त्याच घरात. मला डी सिकाचा शेवट जास्त क्रूर वाटला. बरं होणं हीच शिक्षा.

ओसरी

नाही पटलं, कासव. सुलभाकडे शिक्षण होतं, वकील नवरा होता, माहेर होतं. ती निघू शकली. क्लाराच्या पगारावर अख्खं घर जेवतं. ती कुठं जाणार? झावात्तिनीनं खोटं धैर्य दिलं नाही तिला, म्हणून तो सिनेमा आजही खरा वाटतो. डी सिका त्यानंतर वर्षभरात गेला, १९७४ मध्ये.

कासव

‘उंबरठा’वर वेगळा धागा काढतो. इथं अवांतर नको.

उगीच_काहीतरी

अवांतराशिवाय धागा शंभरी कशी गाठणार?

रीळ_नंबर_चार

फुल्चीकडे वळूया का? लोक त्याला रक्तपातवाला म्हणून सोडून देतात, पण फ्लोरिंडाचं सगळ्यात चांगलं काम मला त्याच्या ‘डोन्ट टॉर्चर अ डकलिंग’ (१९७२) मध्ये दिसतं. दक्षिण इटलीतलं डोंगरातलं गाव, लहान मुलांचे खून होतायत, आणि ही माचारा नावाची, गावकरी जिला चेटकीण समजतात ती बाई. सिनेमा सुरू होतो तोच ती नखांनी माती उकरून तान्ह्या बाळाचा सांगाडा बाहेर काढते तिथं. मेणाच्या बाहुल्यांना टाचण्या टोचते, आणि आपल्याच जादूनं मुलं मेली असं तिला मनापासून वाटतं. पोलीस तिला निर्दोष म्हणून सोडतात. गावातली माणसं सोडत नाहीत. स्मशानात गाठून साखळ्यांनी मारतात, आणि तेव्हा गाडीच्या रेडिओवर गाणी लागलेली आहेत. ओर्नेला व्हानोनीचं प्रेमगीत, आणि पडद्यावर ते. मग ती रक्तबंबाळ अवस्थेत सरपटत हमरस्त्यापर्यंत जाते. सुट्टीवर निघालेल्या कुटुंबांच्या गाड्या शेजारून जातात. एकही थांबत नाही.

त्या पूर्ण प्रसंगात तिला बोलायला जवळजवळ काही नाही. चहा_कमी_साखर, हा एवढा बघाच आणि मग सांगा.

मधली_सुट्टी

‘अ लिझर्ड इन अ वुमन्स स्किन’ (१९७१) पण! त्यातल्या कापलेल्या कुत्र्यांच्या दृश्यावरून खटला झाला होता, खरी कुत्री मारली असा आरोप. शेवटी स्पेशल इफेक्ट करणाऱ्या कार्लो राम्बाल्दीनं आपली यांत्रिक कुत्री कोर्टात नेऊन दाखवली म्हणून फुल्ची तुरुंगात जायचा वाचला. तोच राम्बाल्दी ज्यानं पुढे स्पीलबर्गच्या ‘ई. टी.’मधला परग्रहवासी बनवला.

दवबिंदू

अरे देवा. हे दोन्ही मी बघणार नाही. शाब्दिक वर्णनानंच झोप उडाली.

ओसरी

ब्राझिलियन नट्यांचा विषय आहे तर व्हेरा क्लुझो विसरू नका. रिओत जन्म, १९१३. वडील जिल्बेर्तो आमादो, लेखक आणि मुत्सद्दी. फ्रेंच दिग्दर्शक आन्री-जॉर्ज क्लुझोशी लग्न झालं आणि तिनं फक्त तीन सिनेमे केले, तिन्ही नवऱ्याचे. ‘द वेजेस ऑफ फिअर’ (१९५३), ‘ले दियाबोलिक’ (१९५५) आणि ‘लेझेस्पियों’ (१९५७). ‘दियाबोलिक’मधली हृदय कमजोर असलेली बायको तीच. १९६० मध्ये पॅरिसमध्ये हृदयविकारानंच गेली, शेहेचाळिसाव्या वर्षी. मला तो सिनेमा आता पुन्हा बघवत नाही.

आणि नॉर्मा बेन्जेलचं पुढचं आयुष्य रीळ_नंबर_चार यांनी लिहिलं नाही म्हणून लिहिते. १९६४ ला ब्राझीलमध्ये लष्करानं सत्ता घेतली. नॉर्मा उघड बोलायची, त्यामुळे तिची धरपकड झाली, त्रास झाला, आणि सत्तरच्या सुरुवातीला तिला फ्रान्समध्ये जाऊन राहावं लागलं. तिथं फ्रेंच दिग्दर्शक पात्रिस शेरोच्या नाटकात काम केलं. परत गेल्यावर स्वतः दिग्दर्शिका झाली. २०१३ मध्ये गेली. म्हणजे बघा, एक लग्नामुळे युरोपात, एक हद्दपारीमुळे, आणि एक विमानाच्या नोकरीतून.

रीळ_नंबर_चार

नॉर्मावर मीच लिहिणार होतो, पण तुम्ही छान लिहिलंत.

पावसाळी_चष्मा

धागा वर काढतोय. इतके सुंदर प्रतिसाद आल्यावर नुसतं धन्यवाद म्हणून कसं चालेल, म्हणून या आठवड्यात एक प्रयोग केला.

‘लिझर्ड’ आणि ‘डकलिंग’ या दोन्ही सिनेमांच्या डिस्कवर इटालियन आणि इंग्रजी असे दोन साउंडट्रॅक आहेत. म्हणजे चेहरा तोच, आवाज दोन वेगळ्या बायकांचे. मी ‘लिझर्ड’मधले तिचे मोठे प्रसंग आधी इटालियनमध्ये, मग इंग्रजीत, मग आवाज पूर्ण बंद करून बघितले. अ‍ॅलेक्झांड्रा पॅलेसमधला पाठलाग आवाज बंद करूनही तितकाच अंगावर येतो. डॉक्टरसमोर स्वप्न सांगतानाचे प्रसंग मात्र बदलतात. इटालियन आवाजात मला ती घाबरलेली वाटली आणि इंग्रजीत काहीतरी लपवणारी. दोन्ही वेळा चेहऱ्यावर ते होतं, आवाजानं फक्त त्यातलं एक उचललं. त्या पात्राबद्दल शेवटपर्यंत खात्री वाटू नये हीच सिनेमाची गरज आहे, आणि ती अनिश्चितता तिच्या चेहऱ्यात आहे, कुठल्याच साउंडट्रॅकमध्ये नाही. माझ्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर मिळालं.

नाटकवाली

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. आम्ही नेमकं हेच करतो, चेहऱ्यात असलेल्या दोन-तीन शक्यतांमधली एक निवडतो. नसलेली घालता येत नाही.

चहा_कमी_साखर

‘डकलिंग’ बघितला. तो रस्त्यावरचा प्रसंग दोनदा बघितला, तिसऱ्यांदा बघवला नाही. गाड्या जातायत आणि ती हात उचलायचा प्रयत्न करते, तो पूर्ण उचललाच जात नाही. हे मोठ्या नटीचं काम आहे, यात मला शंका नाही.

तरी माझा मूळ मुद्दा मी सोडत नाही. पावसाळी_चष्मा म्हणतात की आवाजानं दोन शक्यतांमधली एक उचलली. म्हणजे प्रेक्षकापर्यंत काय पोचावं याचा निर्णय फ्लोरिंडाच्या हातात राहिला नाही, तिसऱ्याच कुणीतरी स्टुडिओत बसून घेतला. तो निर्णय तिला मिळायला हवा होता. कार्दिनालेला फेलिनीनं दिला. हिला तेव्हा का नाही दिला कुणी?

मांडवीकाठ

याच्याशी मी शंभर टक्के सहमत. आणि मला वाटतं म्हणूनच ती पुढे स्वतः दिग्दर्शनाकडे गेली. २००० मध्ये ‘एउ नांव कोन्येसिया तुरुरु’ नावाचा सिनेमा केला, तिच्या सेआरात जाऊन, पोर्तुगीजमध्ये, स्वतः दिग्दर्शन करून. साठीच्या उंबरठ्यावर पहिला सिनेमा. यावेळी कुणाचा कुठला आवाज ठेवायचा हे तिनं ठरवलं.

मिलानकर

इकडे आता तिला लोक दोन गोष्टींमुळे ओळखतात. कार्लो व्हेर्दोनेचा ‘आक्वा ए सापोने’ (१९८३), त्यात ती कोवळ्या मॉडेल मुलीची कडक आई, आणि ‘ला पिओव्रा’ (१९८४) ही माफियावरची मालिका, जिच्यासाठी अख्खी इटली टीव्हीसमोर बसायची. डी सिकाचा सिनेमा माझ्या ऑफिसातल्या तरुण पोरांना माहीतही नाही. मी दाखवला दोघातिघांना. त्यातल्या एकीची आजी कालाब्रियाचीच निघाली, ती म्हणे आजी अशीच उभी राहायची रांगेत.

मधली_सुट्टी

‘ले ओर्मे’ (१९७५) चं कुणीच बोललं नाही अजून! नायिका दुभाषी आहे, तिच्या आयुष्यातले काही दिवस तिला आठवतच नाहीत, आणि ती एका बेटावर जाते जिथं लोक तिला ओळखतात. छायाचित्रण व्हित्तोरिओ स्तोरारोचं, संगीत निकोला पिओव्हानीचं. फ्लोरिंडा जवळजवळ प्रत्येक फ्रेममध्ये. रक्तपात फार नाही, दवबिंदूला पण चालेल.

पावसाळी_चष्मा

मिळाला आहे, रविवारी बघतो. आणखी कुणी बघणार असेल तर सोमवारी इथंच बोलू.

दवबिंदू

मी आहे. पण आधी एक, आईबरोबर बसून बघण्यासारखा तिचा कुठला? आईला जुने सिनेमे आवडतात, सबटायटल वाचायला थोडा वेळ लागतो.

तिकीटखिडकी

‘अ ब्रीफ व्हेकेशन’. डोळे झाकून. सबटायटल चुकले तरी काही अडणार नाही.

ओसरी

आणि आईंना त्यानंतर ‘आनोनिमो वेनेत्सियानो’ दाखवा. व्हेनिसमध्ये एक दिवस, वेगळे झालेले नवरा-बायको, तो आजारी आहे हे तिला माहीत नाही, स्तेल्विओ चिप्रियानीचं संगीत. रुमाल जवळ ठेवा, दोघींसाठी.